डाव्या डोळ्याची खोली

मुलीला डाव्या डोळ्याने नीट दिसत नव्हतं, आणि ही गोष्ट घरात, शाळेत किंवा इस्पितळाच्या नेत्रविभागात कुणालाच ठाऊक नव्हती. तिच्या आईला तर नाहीच नाही, कारण आई डोळे तपासण्यातली तज्ज्ञ होती.

उजवा डोळा लख्ख होता. तो एकटाच दोघांचं काम ओढायचा आणि तक्रार करायचा नाही, म्हणून मुलगीही करत नव्हती. दुसऱ्या डोळ्याने काय दिसायला हवं हे ज्याने कधी पाहिलंच नाही, तो कशाची तक्रार करणार? असा झोपाळू डोळा वेळेत सापडला तर चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावतात आणि त्या आळशाला कामाला जुंपतात. लहानपणी मेंदू ऐकतो; मूल मोठं होत जातं तसतसा तो हट्टाला पेटतो. मुलीला नववं लागलं होतं, म्हणजे एकेक महिना मोलाचा होता. आई हेच सगळं इतरांच्या आयांना इतक्या तळमळीने सांगायची की त्या बिचाऱ्या तिथल्या तिथे रडकुंडीला यायच्या.

घरात चिन्हं नव्हती असं नाही. मुलगी ग्लासात पाणी ओतायची ते अर्धं टेबलावर. चेंडू झेलायला हात पुढे करायची आणि चेंडू छातीवर घ्यायची. दाराच्या चौकटीची डावी बाजू आणि तिचा खांदा यांचं तर जुनंच वैर होतं. "वेंधळी आहे, बापावर गेलीय," आई म्हणायची. बाप खरोखरच वेंधळा होता, त्यामुळे हे निदान खोडून काढायची कुणाची छाती नव्हती. एकदा सांडलेलं पाणी पुसता पुसता तोच म्हणाला, "अगं, हिचे डोळे तरी बघ एकदा."

"रोज बघते," आई म्हणाली.

ते खरं होतं. सगळा घोळ तिथेच होता.

त्याचं असं झालं. नेत्रविभागाचे प्रमुख, ज्यांना झाडून सगळे नुसतं 'सर' म्हणत, त्यांनी एक मोठा अभ्यास हाती घेतला होता. आजारी डोळ्यांवर कुणीही उठतो आणि लिहितो, असं सरांचं म्हणणं. धडधाकट, निरोगी, शाळेत जाणाऱ्या पोराला नेमकं किती दिसतं, ते आपण मोजू. मुलगी ज्या शाळेत जात होती त्याच शाळेने तळमजल्यावरच्या दोन लांबट खोल्या रिकाम्या करून दिल्या. सरांना रांगा आवडत नसत. म्हणून त्यांनी युक्ती काढली की एका खोलीत फक्त उजवा डोळा तपासायचा आणि शेजारच्या खोलीत फक्त डावा. मूल पहिल्या खोलीत डावा डोळा झाकून तक्ता वाचणार, मधल्या दारातून दुसरीत जाणार, उजवा झाकून तिथला तक्ता वाचणार आणि बाहेर पडणार. उजवीकडे विभागातले तंत्रज्ञ बसायचे. दिवे, वायरी आणि तक्ते यांची सगळी जबाबदारी त्यांच्यावर असल्याने त्यांना दिवेवाले काका म्हणत. डावीकडे आई बसायची.

पण खोल्याच चुकल्या तर मोजमाप चुकणार. दिवा मंद असेल, भिंतीवर सावली असेल, तक्ता धुळकट असेल. मग पोराच्या डोळ्याला दोष देऊन काय उपयोग? प्रकाश मोजायचं यंत्र होतं, पण सरांचा यंत्रावर विश्वास नव्हता. "यंत्राला दिसत नाही, मॅडम. त्याला नुसता आकडा येतो," ते म्हणायचे. "मुलांची नजर मोजायची तर माप मुलाच्याच डोळ्याचं पाहिजे." तेव्हा ठरलं असं की रोज घंटा व्हायच्या आधी ज्याची नजर उत्तम आहे अशा एका मुलाला दोन्ही खोल्यांत बसवायचं. त्याने शेवटची ओळ वाचली की खोली तयार समजायची. नाही वाचली, तर खोलीत काहीतरी बिघडलंय.

असं मूल कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. मॅडमची मुलगी. डोळे तपासणाऱ्याच्या घरचं मूल, त्याचे डोळे उत्तम नसतील तर कुणाचे असतील? तिला शेवटचं कधी तपासलं, हे विचारणं आगाऊपणाचं झालं असतं. आईला स्वतःला पक्कं आठवत होतं की तिने मुलीला तपासलंय. चार वर्षांची असताना इस्पितळात मांडीवर घेऊन तक्ता दाखवला होता आणि पोरीने वरपासून खालपर्यंत सगळी चित्रं घडाघडा सांगितली होती, दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजल्यावर एकेक डोळा झाकून पुन्हा बघायचं कुणाच्या मनात येतं?

सरांनी तिला तराजूच्या काट्यावरून 'काटाबाई' म्हणायला सुरुवात केली. "काय, काटाबाई आल्या का?" असं विचारत ते सकाळी दारातून शिरायचे आणि ती खुर्चीत ताठ व्हायची.

मुलीला हे काम फार आवडलं होतं. घरी आई दमलेली असायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोकावून आलेल्या बाईला संध्याकाळी कुणाच्याच डोळ्यांत बघायची इच्छा उरत नाही. चित्र दाखवलं तर 'छान' म्हणायची आणि नजर भाजीच्या सुरीवर. पण सकाळी त्या खोल्यांत आई सगळी तिची असायची. आई विचारायची, ती सांगायची, आणि ती सांगेल ते आई खरं मानायची. एवढंच नाही, सरसुद्धा मानायचे. तिच्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या शब्दाला एवढी किंमत नव्हती.

पहिल्याच सकाळी उजव्या डोळ्याच्या खोलीत तिने तक्ता एका दमात संपवला. डाव्या डोळ्याच्या खोलीत उजवा डोळा झाकला आणि वरच्या तीन ओळींनंतर ती अडली.

"इथे धुकं आहे," ती म्हणाली.

खोलीत धूर नव्हता की धूळ नव्हती, मग धुकं कुठलं? पण सरांनी बोट वर केलं. "ऐका. मोठा माणूस अंदाज ठोकतो, मूल दिसेल ते सांगतं. काका, तिकडचा दिवा बघा." काकांनी शिडी लावून दिवा बदलला. मुलगी आणखी एक ओळ उतरली. सर खूश झाले. पाहिलंत ना, म्हणाले, दिवाच होता.

दुसऱ्या दिवशी आणखी मोठा दिवा आला. मग भिंत शोषून घेते म्हणून मागे पांढरा कागद लागला. पडद्याचा रंग गडद म्हणून पडदा गेला. तक्त्याची छपाई फिकी असेल म्हणून नवा तक्ता आला, आणि तोही मुलीने नापास केल्यावर ज्याने पाठवला त्याला परत पाठवण्यात आला. त्याच्याबरोबर सरांचं एक खरमरीत पत्र गेलं. आई यातल्या प्रत्येक गोष्टीत जातीने लक्ष घालत होती. डोळ्यांत तेल घालून ती कोपऱ्यातल्या सावल्या शोधायची, आणि मुलगी खुर्चीत बसून आपलं प्रामाणिकपणे सांगायची, "अजून आहे. आता थोडं कमी. आता पुन्हा आहे."

शेवटी सर गुडघ्यावर बसले, एक डोळा मिटून फरशीकडे बघितलं आणि म्हणाले की जमीन उतरती आहे, म्हणून अंतर फसवं पडतंय. खुर्ची जरा पुढे घ्या. खुर्ची पुढे घेतली. फरशीवरची पिवळी चिकटपट्टी उखडून नवी लावली. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा उखडली. काका एकदा दबकत म्हणाले, "सर, पण दोन खोल्यांतल्या अंतरात फरक पडतोय."

"दोन खोल्या वेगळ्या आहेत, काका," सर म्हणाले. "फरक पडणारच."

असं करता करता एका सकाळी काटाबाईंनी डाव्या डोळ्याने शेवटची ओळ वाचली. आईचा जीव भांड्यात पडला. तिने मुलीची पाठ थोपटली, खोली तयार म्हणून जाहीर केली, आणि शाळेची मुलं आत सोडली.

मुलांनी कमाल केली. उजव्या खोलीत चारचौघांसारखी वाचणारी पोरं डाव्या खोलीत पाऊल टाकताच तेजस्वी व्हायची. काही तर खुर्चीत टेकायच्या आधीच तळची ओळ म्हणून टाकायची. आईने सुरुवातीला दोघा-तिघांना पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा तेच. वर्गामागून वर्ग आले आणि सगळ्यांचा डावा डोळा उजव्यापेक्षा सरस निघाला. सरांना आधी शंका आली. मग ती गेली आणि तिच्या जागी एक विलक्षण शांतता त्यांच्या चेहऱ्यावर पसरली. शोध लागलेल्या माणसाची शांतता. निरोगी बालकाचा डावा डोळा जात्याच तेज असतो आणि आजवर हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही, असं ते हलक्या आवाजात बोलू लागले. चहा पिताना मध्येच उजवा डोळा मिटून ते खिडकीबाहेर बघायचे आणि मान डोलवायचे.

गोष्ट शाळेत पसरायला वेळ लागला नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी वर्गातली बाकं फिरवून घेतली, फळा मुलांच्या डाव्या अंगाला यावा म्हणून. एका बापाने फाटकाशी आईला गाठून आपल्या पोराचा डावा डोळा वर्गात कितवा आला ते विचारलं. पुढच्या आठवड्यात मोठी परिषद होती. तिथे सर हा शोध मांडणार होते, आणि त्यात आईचंही नाव येणार होतं. आईला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोला. आणि या सगळ्या काळात मुलीच्या डोळ्याचे महिने वाया चालले होते.

परिषदेत दाखवायला खोल्यांचे फोटो हवे होते. डावी खोली इतक्या वेळा ठोकली-उखडली होती की भिंतीची रया गेली होती. रंग द्यायचं ठरलं. त्यामुळे एक दिवस ती बंद राहिली, आणि सरांनी सांगितलं की आज काटाबाईंचे दोन्ही डोळे उजव्याच खोलीत घ्या, काम थांबायला नको.

मुलगी रोजच्यासारखी ताठ बसली. डावा डोळा झाकून तिने तक्ता संपवला. काकांनी दुसरा तक्ता अडकवला. तिने उजवा डोळा झाकला, एकेक करत वरच्या तीन ओळी वाचल्या आणि थांबली. मग तिने मान वळवून आईकडे बघितलं. आपल्या हातून काही चुकलं की काय, असा तिचा चेहरा होता.

"आई, आज धुकं इकडे आलंय."

सर काकांना म्हणाले, "बघा, हाही दिवा गेला. चढा शिडीवर."

काकांनी शिडीला हात घातला. आईला शिडी दिसत होती, दिवा दिसत होता, तो जसाच्या तसा जळत होता. ती पुढे झाली. तिने मुलीच्या हातातली झाकणी काढून घेतली आणि तिचा उजवा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला. "आता?"

"धुकं."

हात काढून डाव्यावर ठेवला. "आता?"

मुलीने शेवटची ओळ वाचली. उलट्या बाजूनेही वाचून दाखवली, हौसेने.

आईने पुन्हा उजवा झाकला. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. शिकाऊ मुलींना ती सांगायची की दोनदा बघा आणि थांबा, मुलाला घाबरवू नका. ती थांबेना. शेवटी मुलगीच म्हणाली, "आई, झालं ना आता?"

"राहू द्या, काका," आई म्हणाली. "दिवा चांगला आहे. सगळेच दिवे चांगले होते."

सरांना समजायला वेळ लागला, कारण त्यांना समजून घ्यायचं नव्हतं. मुलीला वर्गात पाठवल्यावर आईने त्यांना सरळ सांगितलं. आपण खोली तपासत नव्हतो, सर. खोली रोज सांगत होती की या मुलीचा डावा डोळा झोपलाय, आणि आपण रोज खोलीचं तोंड बंद करत होतो. त्या अधू डोळ्याला दिसावं म्हणून आपण दिवा वाढवला, तक्ता बदलला, खुर्ची पुढे ओढली. मग तिथे शाळेतलं कुठलंही पोर बसवा, ते गरुड ठरणारच.

सरांचा चेहरा उजळला.

"मॅडम, आपला अभ्यास कशाचा आहे? निरोगी मुलांचा. तुमची मुलगी, वाईट वाटतं, पण निरोगी नाही. म्हणजे ती आपल्या अभ्यासात बसतच नाही. तिला वगळू. मग अडचण कुठे राहते?"

"ती अभ्यासात नव्हतीच, सर. ती तुमचं माप होती."

"तिच्यावर ताबडतोब उपचार सुरू करा. मी स्वतः बघतो तिला. पण तिच्या एका डोळ्यासाठी शाळाभर मुलांचे निष्कर्ष टाकून द्यायचे, हे मला पटत नाही. परिषद चार दिवसांवर आलीय."

आई तोवर फक्त स्वतःच्या पोरीच्या विचारात होती. सरांच्या या वाक्याने तिचं डोकं ताळ्यावर आलं. शाळाभर मुलं. त्या खोलीत नापास होणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिच्या मुलीसारखं आणखी कुणी असेल, तर तेही तळची ओळ वाचून बाहेर पडलंय आणि त्याच्या आईला तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलंय की डावा डोळा विशेष तेज आहे. आता त्या घरांत पोरांना डोळ्याचं काही झालंच, तर सगळे म्हणणार, छे, तपासून घेतलंय की.

"सगळ्यांना परत बोलवावं लागेल," ती म्हणाली.

"काय सांगणार त्यांना?"

"चुकलं म्हणून सांगेन."

"कुणाचं?"

"माझं. मी त्या खोलीत बसत होते."

सरांना हा तोडगा बरा वाटला. त्यांनी हरकत घेतली नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी बाकं पुन्हा फिरवून घेतली, पण आईशी बोलणं टाकलं. यंत्राने प्रकाश मोजला गेला, टेपने अंतर मोजलं गेलं, आणि मुलं पुन्हा आली. बहुतेकांचे दोन्ही डोळे साधेच, चांगले निघाले. तेजस्वी कुणीच नव्हतं. पण तीन पोरं सापडली, ज्यांना डाव्याने धड दिसत नव्हतं, आणि त्यातलं एक त्या फाटकापाशी भेटलेल्या बापाचं होतं. "तुमच्याच खोलीत तर पास झाला होता," तो म्हणाला. आईने मान खाली घालून ऐकून घेतलं. सर परिषदेला गेलेच. डाव्या डोळ्याचा शोध त्यांनी गाळला आणि त्याऐवजी 'मापासाठी मूल निवडताना घ्यायची खबरदारी' या विषयावर भाषण केलं. ते अतिशय गाजलं असं ऐकिवात आहे.

मुलीला चष्मा लागला आणि उजव्या डोळ्यावर पट्टी आली. रोज संध्याकाळी शाळा सुटल्यावर ती लावायची. ज्या डॉक्टरांना दाखवलं ते म्हणाले, फरक पडेल, किती ते आत्ता सांगता येणार नाही, जरा आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. हे वाक्य आईने आजवर किती जणींना ऐकवलं होतं. डॉक्टरांनी तिला ते जरा मऊ आवाजात ऐकवलं, एवढीच व्यवसायबंधूची सवलत मिळाली.

पहिल्या संध्याकाळी त्या दोघी टेबलाच्या दोन टोकांना समोरासमोर बसल्या. बाप स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करत होता. पुष्कळ बोलता आलं असतं त्याला, पण तो एक शब्द बोलला नव्हता, आणि आईला तेच सोसत नव्हतं.

"आता मी सकाळी खोल्या बघायला यायचं नाही ना?" मुलीने विचारलं.

"नाही, बाळा."

"मी चुकीचं सांगायचे म्हणून?"

"नाही. तू सगळं बरोबर सांगायचीस. अगदी रोज."

मुलीने उजव्या डोळ्यावरची पट्टी सारखी केली. "मग तुम्ही दिवा का बदलत होता?"

आईच्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलंही नाही. समोरच्या डोळ्याला या अंतरावरून काय दिसतं आणि काय दिसत नाही हे तिला आता पुरतं ठाऊक होतं. हवं तेवढं रडून घेता येणार होतं.

"आई, तू हसतेयस का? इथून नीट कळत नाहीये."

"हो," आई म्हणाली.

मुलगी उठली, टेबलाची कड चाचपत चाचपत वळसा घालून आली आणि नाकाला नाक लागेल इतकी जवळ येऊन उभी राहिली. तिने सावकाश, काहीही न गाळता, आईचा चेहरा वरपासून खालपर्यंत बघितला.

"हसत नाहीयेस," ती म्हणाली.

"बरोबर," आई म्हणाली.